डोळ्यांचा दाब, वय आणि वजन

महोदय,

वय वाढले की डोळ्यांचा दाब वाढणारच, असे सरसकट म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत तयार होणारा पाण्यासारखा द्रव आणि बुबुळाच्या कडेशी असलेल्या सूक्ष्म जाळीतून होणारा त्याचा निचरा यांच्या तोलावर हा दाब ठरतो आणि तो सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वयानुसार निचरा मंदावतो, पण द्रवाची निर्मितीही घटते. म्हणूनच पाश्चात्त्य देशांतील अनेक पाहण्यांत वयाबरोबर दाब किंचित वाढलेला, तर जपानमधील पाहण्यांत उलट उतरलेला आढळला.

वजनाचा कल मात्र बराचसा एकाच दिशेचा आहे: वजन वाढले की दाबही वाढलेला दिसतो. लठ्ठपणात डोळ्याच्या खोबणीतील चरबी वाढून शिरांमधील दाब चढतो आणि निचऱ्याला अडथळा होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. (स्थूल व्यक्ती दाब मोजण्याच्या यंत्रापुढे अवघडून, श्वास रोखून बसली तर आकडा तात्पुरता फुगतो, हे तपासणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.) तरीही हा परिणाम माफकच असल्याने केवळ वजन उतरवून काचबिंदू (वाढत्या दाबाशी जोडला जाणारा, दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करणारा विकार) टळेल, असे मानणे धोक्याचे ठरेल.

मुळात दाब २१ च्या आत असतानाही काचबिंदू होऊ शकतो आणि वय हा त्याचा दाबाहून स्वतंत्र असा धोका आहे. त्यामुळे चाळिशीनंतर दाबाबरोबरच दृष्टीच्या मज्जातंतूचीही तपासणी आवश्यक असते, ही बाब आपल्या आरोग्यविषयक लेखांत ठळकपणे यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक