मुक्ता रिगवर निघाली

प्रिय दत्ता,

मुक्ताला नोकरी लागली. तेल कंपनीत नाही, ड्रिलिंग कंत्राटदाराकडे. मुंबई हायवरच्या जॅक-अपवर, म्हणजे समुद्रतळाला पाय टेकून उभ्या राहणाऱ्या रिगवर, ट्रेनी म्हणून जातेय, पुढे ड्रिलर, म्हणजे खणण्याची सूत्रं हातात असणारी, व्हायचंय म्हणते. घरात पेढे वाटून झाले. माझ्या पोटात मात्र गोळा आलाय. मुक्ताच्या आईला सांगावं तर म्हणते, "तुम्ही नव्हतात का जात?" म्हणून तुला लिहितोय. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात.

भीती समुद्राची नाही रे. परवा तिनं विचारलं, पाय तळाला टेकले की रिग लगेच वर का उचलत नाहीत? तासभर समजावलं. हल, म्हणजे रिगचं धड, पाण्याच्या जेमतेम वर ठेवायचा, प्रीलोडच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं, वादळात येईल तेवढं वजन आधीच पायांवर टाकायचं. खालचा थर दगा देणार असेल तर आताच देऊ दे. पाय स्थिर राहिले की पाणी सोडायचं आणि मग वर चढायचं. कार्टीनं वहीत आकृती काढली, तुझ्या आकृत्यांपेक्षा शंभरपट बरी. हे सगळं शिकवता येतं.

शिकवता येत नाही ती तुझी ती जानेवारीतली रात्र. पंप बंद केले तरी परतीच्या फ्लोलाइनमधून मड, म्हणजे खणताना विहिरीत फिरवतो तो चिखल, यायचं थांबेना, मडच्या टाकीची, पिटची पातळी चढत होती, म्हणजे विहीर खालून उसळत होती. तू कुणाला विचारलं नाहीस. पाइप उचललास, विहिरीच्या तोंडावरची झडप, ॲन्युलर, बंद केलीस आणि मग फोन लावलास. कंपनी मॅन, तेल कंपनीचा रिगवरचा साहेब, पायजम्यावर धावत आला, "मला न विचारता?" म्हणून ओरडत. केसिंगमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वर सरकताना दिसला तेव्हा गप्प झाला. पण काटा हलला नसता तर? पुढचे पंधरा दिवस गेलेल्या तासांचा हिशोब तुझ्याच नावावर मांडला असता. विहीर बंद करायचा हक्क ड्रिलरला आहे असं कागदावर असतं. समोर दिवसाच्या भाड्याचं घड्याळ चालू असताना तो वापरायला छाती लागते, आणि मुक्ता तर तिथे सगळ्यात नवीन.

मेक्सिकोच्या आखातातल्या 'डीपवॉटर होरायझन' रिगचा चौकशी अहवाल मी पुन्हा काढून बसलोय. ज्या रिगनं 2009 मध्ये 35,000 फुटांहून खोल विहीर खणून विक्रम केला, तीच 20 एप्रिल 2010 ला पेटली. निगेटिव्ह टेस्टमध्ये, म्हणजे वरचा दाब कमी करून विहीर गळते का पाहताना, ड्रिल पाइपवर 1,400 पीएसआय दाब आणि त्याच विहिरीला जोडलेली दुसरी नळी, किल लाइन, शांत, शून्यावर. दोन आकडे जुळत नाहीत हे रिगवरच्यांना दिसत होतं, त्यावर बोलणंही झालं, आणि शेवटी टेस्ट पास धरली. काम वेळापत्रकाच्या कितीतरी मागे पडलं होतं, रिगचं भाडं दिवसाला पाच लाख डॉलरच्या वर. गेलेल्या 11 जणांपैकी 9 ट्रान्सओशनचे, म्हणजे कंत्राटदाराचे. आपले.

आता तू म्हणशील, "तेल त्यांचं, विहीर त्यांची, आपण भाड्याची माणसं." दत्ता, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. अमेरिकेतल्या अल्डेन लाबोर्डची पाण्यात बुडवून तळाला टेकवायची रिग त्याच्याच तेल कंपनीनं नाकारली, तेव्हा त्यानं ओडेको ही ड्रिलिंग कंत्राटदार कंपनी काढली. 1954 मध्ये त्याची ती रिग, 'मिस्टर चार्ली', मिसिसिपीच्या मुखाशी टेकली. शेलनं भाड्यानं घेतली, विहीर झाली, पाणी उपसून ती तरंगली आणि पुढच्या जागेवर गेली. एकाच रिगवर एकामागून एक विहिरी खणणं कंत्राटदारांनी करून दाखवलं. यावर तू 'सागर सम्राट' काढणार, मला माहीत आहे. हो, 1974 ला मुंबई हायवर तेल ओएनजीसीच्या स्वतःच्या रिगनं काढलं. मान्य. पण रिगच्या ब्रेकवरचा हात कुणाच्याही पगारावर असो, विहिरीचं पहिल्यांदा कळतं ते ड्रिलरलाच. मेसमध्ये या वादावर तू माझ्या ताटातला मासा पळवलास, ते अजून वसूल व्हायचंय.

मी तिला जाऊ नको म्हणणार नाही. म्हणायचा मला हक्कही नाही आणि तसं वाटतही नाही, तिचं डोकं या कामासाठीच आहे. पण मी बाप आहे. मी सांगितलं तर ती मान डोलावेल आणि विसरेल. त्या रात्री फोनच्या आधी तुझा हात पॅनलकडे का गेला हे तू सांग. त्या क्षणी मनात काय होतं, भीती वाटली की नाही, नोकरीचा विचार आला का, सगळं. मला तू कधी सांगितलं नाहीस.

नव्या घरात सामान लागलं का? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पुढे ढकललं? समीरच्या लग्नाची तारीख कळव, रजा आधी टाकावी लागते.

मुक्ता रविवारी सकाळी तुला फोन करेल. तिचं सर्व्हायव्हल ट्रेनिंग सोमवारी सुरू होतंय, तेव्हा रविवारी झोपून राहू नकोस.

तुझा,
सुधीर