आईला घेऊन पचमढीला गेलो, त्याबद्दल

इंदूर,
८ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला याचे कारण तुझ्या पत्रातला प्रश्नच आहे. पक्षाघातानंतर काकांना घराबाहेर कुठेच नेता आलेले नाही, मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन त्यांना नेणे कितपत जमेल, असे तू विचारले होतेस. आणि नेमके त्याच सुमारास आम्ही आईला घेऊन पचमढीला, सातपुड्यातल्या थंड हवेच्या गावी, तसेच निघण्याच्या तयारीत होतो. ऐकीव माहितीवर तुला सल्ला देण्यापेक्षा आधी जाऊन यावे आणि मगच लिहावे, असे मी ठरवले. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला तेव्हा निघालो आणि तीन दिवसांपूर्वी परतलो. सहा दिवस, पाच रात्री आणि जाऊन-येऊन सुमारे आठशे किलोमीटर, असा हा प्रवास झाला.

आई सात वर्षे इंदुराबाहेर पडली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. तिचे गुडघे त्याला कारण आहेत असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. खरी अडचण मला या वर्षी माझ्या पत्नीकडून कळली, कारण आईने ती मला कधी सांगितली नसती. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांत तिला खाली बसता येत नाही, ओल्या फरशीवर धरायला काही नसते, म्हणून कुठे जायचे असले की ती आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणे सोडून देत असे. शेवटच्या प्रवासात, भर मे महिन्यात, देवासच्या पुढे तिला चक्कर आली होती आणि आम्ही ती उन्हाची म्हणून सोडून दिली होती. हे कळल्यानंतर मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. गाडी भाड्याने घ्यायचे ठरले ते त्यानंतर, आणि ठरवताना मी एकच गोष्ट पाहिली: कमोड, त्याच्या बाजूला भक्कम दांडा, आणि दार आतून न लावताही आडोसा राहील असा पडदा.

गाडी ट्रॅव्हलर बसच्या सांगाड्यावर बांधलेली होती. मागे आडवा पलंग, मध्ये समोरासमोर दोन बाके आणि टेबल, जे रात्री खाली दाबले की दुसरा पलंग होतो, आणि चालकाच्या डोक्यावर मुलांपुरता माळा. ओटा दोन हात लांब, एक इंडक्शन शेगडी, लहान फ्रिज. न्हाणीघर इतके अरुंद की आत स्टूल ठेवले तर उभ्याने वळता येत नाही, पण आईला तेच सोयीचे पडले, कारण दोन्ही हातांना भिंती लागत होत्या. गाडीबरोबर चालक येतात. त्यांच्या झोपण्याची सोय कुठे आहे, हे तू आधीच विचारून ठेव, कारण दिवसभर घाट चढवणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर आखडून झोपायला लावणे योग्य नाही आणि सुरक्षितही नाही.

पहिल्याच तासात, देवास यायच्या आत, एका गतिरोधकावर वरच्या कपाटाचे दार उघडले आणि पोह्यांचा डबा टेबलावर पालथा झाला. त्यानंतर प्रत्येक खिट्टी निघण्यापूर्वी हाताने दाबून पाहण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आणि डब्यांचा खणखणाट थांबावा म्हणून मधल्या फटींत पंचे कोंबले. चालत्या गाडीत काहीही शिजवायचे नाही आणि सर्वांनी पट्टा लावून बसायचे, हे दोन नियम आम्ही शेवटपर्यंत पाळले. काकांना समोर तोंड असलेल्या सीटवरच बसव. आडव्या बाकावर बसले की वळणांवर तोल सावरावा लागतो, आणि त्यांच्या एका बाजूला आता ती ताकद नाही.

उन्हाबद्दल मात्र तुला सविस्तर सांगायला हवे. उभी गाडी उन्हात पत्र्याच्या पेटीसारखी तापते. चालत असताना इंजिनवरचा एसी चालतो, पण रात्री गाडी थांबल्यावर छतावरच्या एसीला बाहेरची वीज लागते. इन्व्हर्टरची बॅटरी दिवे, पंखे आणि फ्रिज रात्रभर सांभाळते, एसी मात्र तिला फार काळ पेलत नाही. पहिली रात्र भोपाळजवळ एका विश्रामगृहाच्या आवारात काढली. तिथे जोडणी मिळेल असे फोनवर कबूल केले होते, प्रत्यक्षात खिडकीतून ओढलेली एक बारीक वायर आमच्या हाती आली. तिच्यावर एसी दहा मिनिटे चालला आणि वायर गरम झालेली पाहून चालकांनी स्वतःच तो बंद केला. रात्री दीडपर्यंत आम्ही छताची झडप आणि सगळ्या खिडक्या उघडून, ओले टॉवेल अडकवून बसलो होतो. आईने तक्रार केली नाही, पण तिच्या कपाळावरचा घाम मी तीनदा पुसला. म्हणून सांगतो, मुक्काम ठरवताना पंधरा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आहे का, हे विचारून त्याचा फोटो मागवून घे, आणि पहिल्या रात्रीसुद्धा शक्यतो उंचावरच्या गावी मुक्काम होईल असा बेत कर.

पाण्याची टाकी सव्वाशे लिटरची होती, ती पाच माणसांना काटकसरीने दीड दिवस पुरली. सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठते आणि कमोडखाली एक काढता येणारी पेटी असते, ती दर दिवशी रिकामी करावी लागते. इंदूरच्या माणसाला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने छळतो. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या गावातून आपण आलो, घरी सुका-ओला कचरा वेगवेगळा देतो, आणि वाटेत ती पेटी नाल्यात ओतायची? भोपाळच्या पुढच्या पेट्रोल पंपावर आणि पचमढीत मी ती स्वतः शौचालयात रिकामी करून धुतली. सांडपाण्यासाठी एका ढाब्यावाल्याने त्याचा शोषखड्डा दाखवला आणि वर चहाही पाजला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे अशाच गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण आले, तसे सगळीकडे होईल तेव्हा होईल. पण धोरणापेक्षा दर शंभर किलोमीटरवर या टाक्या रिकाम्या करायची एक जागा झाली, तर घराघरांतली म्हातारी माणसे बाहेर पडतील, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमबेटकाला थांबलो. उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये आगगाडीतून हे खडक पाहिले आणि पुढे इथली गुहांमधली प्राचीन चित्रे जगापुढे आणली, हे मुलांना सांगताना मला अभिमान वाटला. २००३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. पहिल्या मोठ्या गुहेपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे, त्यामुळे आई माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथवर आली आणि सावलीत दगडाला टेकून बसली. बाहेर ऊन रखरखत होते आणि तिच्या पाठीमागचा खडक गार होता. "इथे राहणाऱ्यांनी जागा पारखून घेतली होती," एवढेच ती बोलली.

तिथून पुढे नर्मदापुरम, म्हणजे आपले जुने होशंगाबाद. एका अरुंद रेल्वे पुलाखालून जवळचा रस्ता होता, पण पुलाला टेकण्याआधी चालक उतरले, छतावरच्या एसीची उंची त्यांनी काठीने पडताळली आणि गाडी मागे घेऊन लांबचा रस्ता धरला. आपल्या गाडीची उंची मीटरमध्ये पाठ करून ठेव. सेठानी घाटाच्या पायऱ्या आईला उतरता येणार नव्हत्या, हे मला ठाऊक होते. इंदुरात १९७८ पासून नळाला नर्मदाच येते, आई रोज तिच्याच पाण्याने आंघोळ करते. तरीही गाडीच्या खिडकीतून ते पात्र पाहताना तिचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आणि ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मी आणि मुलगा दोन कळश्या घेऊन खाली गेलो, भरून आणल्या. न्हाणीघरात स्टूल ठेवले, पत्नीने तिला बसवले, आणि पडद्याआडून आम्हाला पाण्याचा आवाज आणि "नर्मदे सिन्धु कावेरि" ऐकू आले. सात वर्षांनी तिचे नर्मदास्नान झाले. बाहेर आली तेव्हा केस पुसायचेही भान तिला नव्हते; मुलीने ते पुसले.

पचमढीबद्दल तुला काय सांगायचे? नागद्वारीच्या यात्रेला तुमच्या विदर्भातून दर वर्षी माणसे लोटतात, चौरागडाला त्रिशूळ वाहतात, तूही काकांबरोबर दोनदा गेलेला आहेस. मटकुलीनंतरचा घाट गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढला. वर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर, पहिल्याच संध्याकाळी आईने शाल मागितली. तीन रात्री आम्हाला एसी लावावाच लागला नाही. गाडी एका आंब्याखाली लावली, कडेचे छत उघडले, खाली सतरंजी आणि आईची घडीची खुर्ची. पॉइंट पाहायला तिथल्या जिप्सी जीपगाड्या भाड्याने करतात, त्या हाडे खिळखिळी करतात, म्हणून धूपगडला सूर्यास्त पाहायला पत्नी आणि मुले गेली आणि मी आईजवळ थांबलो. ती लसूण सोलत होती. १९७५ साली ती आणि बाबा पिपरियापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने इथे आले होते, बस घाटात बंद पडली होती आणि बाबांनी सगळ्या प्रवाशांना वाटून त्यांचे लाडू संपवले होते, हे तिने मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितले. बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. घरी आम्ही एका छताखाली राहतो, पण घरी ती मला हे सांगत नाही. तिथे मला नेहमी कुठेतरी जायचे असते.

परतताना इटारसी, हरदा करून नेमावरला पुन्हा नर्मदा ओलांडली आणि रात्री घरी पोहोचलो. डिझेल शंभर लिटरच्या आसपास लागले. भाडे धरता हॉटेल आणि मोटारीपेक्षा खर्च जास्तच होतो, हे मी लपवत नाही. मुलांबरोबर नुसते फिरायचे असेल तर साधी मोटार घेऊन जा. काकांसाठी मात्र हा खर्च कर.

आता त्यांच्यापुरते. गाडी परत करण्यापूर्वी मी दार मोजले: ६१ सेंटीमीटर. चाकांची खुर्ची यातून आत जाणार नाही. ती घडी करून मागे ठेवावी लागेल आणि काकांना दोघांनी धरून आत घ्यावे लागेल, म्हणून तुझ्याबरोबर एक धडधाकट माणूस हवाच. त्यांच्या फिजिओथेरपिस्टला गाडी दाखव, निदान फोटो दाखव. रात्री त्यांच्या उशाशी हाताला लागेल अशी घंटी बांध. आणि एका दिवशी दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नकोस, माझ्याकडून पहिल्या दिवशी ती चूक झाली.

गाडीची पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच असते. निघायच्या आदल्या दिवशी मी सुताराकडून आठ इंच उंचीची एक लाकडी पायरी करून घेतली, वर रबराची चटई ठोकून. सहा दिवसांत आई तिच्यावरून किती वेळा चढली-उतरली, याची मोजदाद नाही. ती पायरी आईने अडगळीत टाकू दिली नाही, पुसून दाराशी उभी करून ठेवली आहे आणि काकांना उपयोगी पडेल असे दोनदा म्हणाली. पुढच्या आठवड्यात माझा भाचा नागपूरला येतो आहे, त्याच्याबरोबर ती पाठवतो.

काकांना आणि काकूंना आमचा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. निघण्याची तारीख ठरली की लगेच कळव.

तुझा,
जुना शेजारी