सातपुड्यामागचं डॅलस

ता. मोर्शी, जि. अमरावती

प्रिय बंड्या,

दिवाळीला जाताना तुझ्या अमेरिकेतल्या गाडीतलं ते जीपीएसचं यंत्र माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालास, "ठेव, तिकडे आता हे कोणी वापरत नाही." त्याची हकीकत ऐक.

लायटरच्या सॉकेटात लावलं, लगेच चालू झालं. गाडीचे १२ व्होल्ट तिथेही १२ आणि इथेही. पण त्याला वाटत होतं, आपण अजून डॅलसमध्येच आहोत. अंगणातल्या कडुलिंबाखाली अर्धा तास नुसतं उपग्रह शोधत बसलं. शेवटी गाडी उघड्या खळ्यावर नेली, तेव्हा कुठे पंधराएक मिनिटांत जागा सापडली. अक्षांश-रेखांश बरोबर, पण पडद्यावर गाडीचं चित्र कोऱ्या पिवळट जागेत उभं. ना रस्ता, ना गाव. उपग्रह सगळ्या जगाला तेच, नकाशा मात्र यंत्राच्या पोटात, आणि पोटात सगळी अमेरिका! पोट्टे हसले, "काका, तुमची गाडी वाळवंटात हाय."

पुतण्याने मग ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, लोकांनीच काढलेला आणि फुकट, मेमरी कार्डावर टाकून दिला. मैलांचे किलोमीटर केले. बोलणारी बाई मात्र तुझीच राहिली. 'परतवाडा' ती जसं म्हणते तसं मला लिहिताही येणार नाही.

श्रावणात तिने दगा दिला. वरूडहून येत होतो, 'सर्वात जवळचा रस्ता' अशी सेटिंग तशीच राहिली होती. डांबरी सोडून तिने मला पांदणीत घातलं. नकाशात रेघ होती, चिखल नव्हता. आपली काळी माती तुला ठाऊकच आहे. चाकं गरगर फिरतात, गाडी जागची हलत नाही, आणि ही आपली सांगतेय, सरळ चला. शेजारच्या संत्र्याच्या बागेतून एक म्हातारे बुवा बैलजोडी घेऊन आले. दोर बांधायच्या आधी आत डोकावून म्हणाले, "हे बाई कोन बोलून राह्यली?" मी सांगितलं. "मंग तिलेच म्हना न, धक्का मार म्हना." तेव्हापासून कच्चे रस्ते टाळायची सेटिंग लावून ठेवली आहे.

तरी टाकवत नाही. मेळघाटात सेमाडोहच्या पलीकडे माझ्या फोनची रेंज गेली, हे बेटं २०,००० किलोमीटर वरच्या उपग्रहांचं ऐकून निवांत वाट दाखवत होतं. त्याला टॉवर लागत नाही की रिचार्ज.

एक मात्र पुसलं नाही. 'घर' म्हणून अजून तुझाच पत्ता आहे. परवा काकूंकडे गेलो होतो, अंगणात यंत्र लावून दाखवलं. अंतर १४,००० किलोमीटरच्या आसपास, आणि बाण? मला वाटलं पश्चिमेला जाईल. तो जवळजवळ सरळ उत्तरेला! पृथ्वी गोल, डॅलस आपल्या जवळपास उलट्या बाजूला, म्हणून जवळची वाट ध्रुवाकडून जाते. काकूंनी बाणाच्या रोखाने पाहिलं. समोर सातपुडा. "म्हंजे डोंगराच्या मांगंच हाय न? मंग काहून येत नाही तो?"

याचं उत्तर तूच दे बाप्पा, मी आपला चहा पिऊन निघालो.

आणि हो, येशील तेव्हा काचेला चिकटवायचा तो रबरी कप एक नवा आण. मे महिन्याच्या उन्हात जुना सुटला आणि तुझी बाई आता माझ्या बायकोच्या मांडीवर बसून रस्ता सांगते.

तुझा,
पांडू