डब्यातल्या एक्केचाळीस

परभणी, मे महिन्यातली दुपार

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या दे, पण आधी हे वाच. माझी शुगर ठीक, यांचा गुडघा तसाच.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा झाली, खोली सोडली, पोरगी लातूरहून गादी-पुस्तकांसकट घरी आली. सामान सोडताना तो स्टीलचा डबा निघाला. होळीनंतर भट्टीवर मैदा, पिठीसाखर, डालडा नेऊन नानकटाई करून आणली होती, त्यातल्या ६० मोजून दिल्या होत्या. डब्यात ४१! वरच्या अख्ख्या, खालच्यांचा भुगा. आणि एप्रिलात फोनवर म्हणते, "संपली मम्मी, मैत्रिणींनी फस्त केली."

मी काही विचारलं नाही. ७२० पैकी किती येतील असं कुणी म्हटलं की ती उठून न्हाणीत जाते. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकतंय. हे म्हणतात, "लातूरला सगळ्यांचंच असं होतं." त्या 'सगळ्यांचंच'चा मला असा राग येतो!

नानकटाई टाकवेना. खवटली नव्हती, नुसती मऊ पडली होती. धाकट्याच्या वाढदिवसाची अर्धी चॉकलेटची लादी फ्रिजमध्ये होती, म्हटलं त्यात बुडवून काढू. पातेल्यात पाणी, वर वाटी, आणि वाफेचे चार थेंब पडले की आत. बाई, क्षणात रवाळ गोळा! थेंबभर पाण्यानं त्यातली साखर नि कोको एकमेकांना चिकटतात. अशा वेळी उलट तीन-चार चमचे गरम दूध घालून घोटायचं, पुन्हा सैल होतं. फक्त मग ते कडक व्हायचं नाही, म्हणजे बुडवायचा बेत गेला. भुगाच ओतला त्यात. तेवढ्यात लाईट गेली. चॉकलेट ३४ अंशांनाच पातळ होतं आणि बाहेर ४२! वळायला घेतलं तर हाताला नुसता चिखल. आणखी दहा-बारा नानकटाया खलबत्त्यात कुटल्या, तेव्हा कुठं मिळून आलं.

कुटण्याच्या आवाजानं ती उठून आली.

"माझ्या डब्यातली का?"

"हो."

बस, एवढंच. समोर मांडी घालून वळायला लागली. माझे लाडू लिंबाएवढे, तिचे सुपारीएवढे. खोबऱ्याच्या किसात घोळवता घोळवता एक तोंडात टाकला, मग दुसरा. शेवटी वाटी बोटानं निपटून चाटली. मी मान वर केली नाही. केली असती तर उठून गेली असती.

आंबेजोगाईचं होस्टेल आठवतं? तुझी आई शेंगदाण्याचे लाडू धाडायची. तू घरी लिहायचीस, 'संपले, आणखी पाठव', आणि खायचे मी. (मिल्कमेडचा डबा मात्र मी चाटला नव्हता, मंगीनं. एवढी वर्षं झाली, आता तरी मान!) दिवाळीच्या सुट्टीनंतर तू आलीच नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले, "तिला काही झालं नव्हतं, चांगली खात-पीत होती."

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? हिंगोलीच्या घराला भाडेकरू मिळाला? पोरं कशी आहेत?

हल्ली मी तिच्याशेजारीच झोपते. दोघी जाग्या असतो, दोघींना ते ठाऊक असतं. सुमे, तेव्हा तुझ्या खाटेवर बसून मी काय विचारलं असतं म्हणजे तू सांगितलं असतंस? तेवढं लिही. फोन नको करू, तिला ऐकू जातं.

तुझी,
उषी