टाउन हॉल आतून दाखवा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मुंबईच्या फोर्ट भागातील टाउन हॉलच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एशियाटिक’च्या, 30 पायऱ्यांवर तरुणांची सतत वर्दळ असते; पण त्या भक्कम, प्राचीन ग्रीक धाटणीच्या डोरिक खांबांपलीकडे काय आहे, हे त्यांतले फार थोडे जण पाहतात. त्यांना आत नेणारी, मराठीतून माहिती देणारी आणि ठरलेल्या दिवशी निघणारी वारसा फेरी शासनाने सुरू करावी, ही माझी विनंती आहे.

1833 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूसाठी सुरुवातीचा पैसा सोडतीतून उभा केला गेला आणि तो अपुरा पडल्यावर उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. पुढे त्याच कंपनीचे राज्य संपवून राणीचा अंमल सुरू करणारा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवरून वाचला गेला. मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा त्याचे कार्यालयही येथेच होते, न्या. रानडे हे त्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. सभागृह, ग्रंथालय, विद्यापीठाची कचेरी असे एकाच छताखाली नांदलेले शहर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. नाना शंकरशेठांच्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभे करून ते सांगितले पाहिजे. पुरातत्त्व संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपात सापडलेले अवशेष याच वास्तूतील एशियाटिक सोसायटी या संशोधन संस्थेने जपले आहेत, हे वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांना तरी ठाऊक असायलाच हवे.

अडचण आहे ती समन्वयाची. एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या दोन्ही संस्था या एकाच वास्तूत आहेत, आणि ग्रंथालयाचा कारभार उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. त्यामुळे पुढाकार आपल्या विभागानेच घ्यावा लागेल. 2021 मध्ये महापालिका मुख्यालयाची वारसा फेरी सुरू झाली, तेव्हा चालू कार्यालयातूनही हे जमते, हे सिद्ध झालेच आहे. येथे मात्र वाचकांच्या शांततेला धक्का लागता कामा नये, म्हणून गट लहान असावेत, वाचनकक्ष वगळावा, इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावे आणि शुल्काची रक्कम जुन्या ग्रंथांच्या जतनासाठीच राखून ठेवावी. महापालिका शाळांच्या विद्यार्थ्यांना ही फेरी विनाशुल्क असावी.

दोन्ही संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची बैठक आपण लवकर बोलवावी, ही विनंती.

आपला,
एक मुंबईकर वाचक