जॉन फ्रेंचचं नाव राहिलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला फ्रँक झाप्पा आणि कॅप्टन बीफहार्ट (डॉन व्हॅन व्लिएट) या अमेरिकन रॉक संगीतकारांच्या मैत्रीवरचा लेख वाचला. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरची शाळा, ब्लूजच्या तबकड्यांचं वेड, सगळं छान आलंय. पण १९६९ चा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम बीफहार्टने साडेआठ तासांत रचला, हे लेखातलं विधान पटणारं नाही. ही कथा त्याने स्वतःच पसरवली होती. ती खरी मानली, तर त्याच्या बँडचा ड्रमर जॉन फ्रेंच याची मेहनत मातीमोल होते.

बीफहार्टला पियानो येत नव्हता, नोटेशनही (स्वरलेखन) येत नव्हतं. तो पट्ट्या बडवायचा, मधूनच शीळ घालून एखादी ओळ सांगायचा. फ्रेंच ते तुकडे कागदावर उतरवून घ्यायचा. कुठला तुकडा कुठल्या गिटारला, कुठला बेसला आणि तो कितीदा वाजवायचा, ही सगळी जुळणी त्याची. पियानोवर दहा बोटं एकदम पडतात, गिटारला तारा सहाच. त्यामुळे सूर गाळावे लागत, बोटं विचित्र ताणावी लागत. शिवाय तुकड्यांची लांबी वेगवेगळी. एक वादक पाच मात्रांचा तुकडा फिरवतोय आणि दुसरा सातांचा, तर दोघांची सम पस्तिसाव्या मात्रेनंतरच जुळणार. मधे एकजण चुकला की सगळंच कोसळतं. म्हणून वुडलंड हिल्सच्या घरात सुमारे आठ महिने तालीम चालली, तीही अर्धपोटी.

निर्माता म्हणून झाप्पाचं श्रेय आहेच. त्याला घरातच, वेगवेगळ्या खोल्यांत वादक बसवून ध्वनिमुद्रण करायचं होतं. तो पैसे वाचवतोय असा बीफहार्टला संशय आला आणि मंडळी ग्लेनडेलच्या व्हिटनी स्टुडिओत गेली. तालीम एवढी पक्की होती की वाद्यांचं बहुतेक काम सहा तासांच्या आत उरकलं. गाताना मात्र बीफहार्टने हेडफोन नाकारले. काचेपलीकडून झिरपणाऱ्या अंधूक आवाजावर तो गायला, म्हणून शब्द तालाच्या मागेपुढे पडतात. झाप्पाने ते ‘दुरुस्त’ केलं नाही, हा त्याचा सर्वात शहाणा निर्णय. याच अल्बममधल्या ‘द ब्लिंप’ या गाण्यातला आवाज तर थेट टेलिफोनवरून टिपलेला आहे.

१९७५ मध्ये बीफहार्ट करारांच्या कचाट्यात सापडला, तेव्हा झाप्पाने त्याला दौऱ्यावर सोबत नेलं. ऑस्टिनच्या मैफलींतून दोघांचा ‘बाँगो फ्युरी’ हा अल्बम निघाला. पुढे दोघांत बिनसलं, पण त्या वर्षीची ही मदत मोठीच होती. लेखात तिचा उल्लेख हवा होता.

‘ट्राउट मास्क रेप्लिका’ बाजारात आला तेव्हा फ्रेंच बँडबाहेर होता आणि वेष्टनावर त्याचं नाव छापलं गेलं नाही. आपल्या लेखातही ते नाही. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे