चष्मेवाल्या काकांना, आण्णांच्या नाकाबद्दल

काका नमस्कार, निफाडहून येतात ना ते पांढऱ्या टोपीवाले आण्णा, त्यांची मी मुलगी.

त्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला, चष्म्याचं पॅड टेकतं तिथंच, मुगाएवढा काळपट चकचकीत फोड होता, खपली धरायची, पडायची, तोंड पुसलं की टॉवेलला रक्ताचा ठिपका, परत खपली. वर्षभर हेच. चष्मा घासतोय म्हणून मलम लावत बसलो आम्ही. तुम्ही दोनदा पॅड बदलून दिलेत, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा मात्र चष्मा बाजूला ठेवलात, आण्णांचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलंत आणि म्हणालात, पॅड दोन्हीकडे सारखंच टेकतं मग जखम एकीकडेच का? हे चष्म्याचं नाही, याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

दाखवलं. तुकडा तपासायला पाठवला, बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे स्किन कॅन्सर. माझे तर हातपायच गळाले. पण डॉक्टर म्हणाले हा हळू वाढतो, शरीरात सहसा पसरत नाही, फक्त तसाच ठेवला तर आजूबाजूचं पोखरत जातो, आणि इथे तर डोळा अगदी जवळ. आपल्या सावळ्या लोकांत तो बऱ्याचदा काळाच दिसतो म्हणून तीळ समजून सोडून देतात. आण्णांनी चाळीस वर्षं कांद्याच्या वावरात उन्हं काढली, डोक्यावर टोपी होती हो, पण गांधी टोपीला कड कुठे असते, नाक, कान, मान सगळं उघडंच, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये काढलेल्या तुकड्याच्या कडा क्लिअर आल्या, म्हणजे कडेला कॅन्सर उरलेला दिसला नाही. आता दर सहा महिन्यांनी तपासणी, कारण एकदा झाला की दुसरीकडे होऊ शकतो. मी महिन्यातून एकदा त्यांना ओट्यावर बसवून कानामागे, मानेवर, टकलावर बघते, तळपाय आणि नखंपण, कारण मेलानोमा नावाचा जास्त वाईट प्रकार आपल्याकडे तिथे जास्त दिसतो म्हणे. महिनाभरात न भरणारी जखम, रंग आकार बदलणारा तीळ, एवढं दिसलं तरी सरळ डॉक्टर.

काका, एवढं घरात रोज समोर असून आम्हाला दिसलं नाही ते तुम्ही पाच मिनिटांत बघितलंत. तुमचे खूप खूप आभार. नाकावर आता बारीक रेघ राहिलीय, जुनी फ्रेम तिथे नीट बसत नाही, म्हणून सोमवारी त्यांना घेऊन येतेय, हलकी फ्रेम काढून ठेवा आणि यावेळी पैसे घ्यायचेच.